लढाई ज्याची, इतिहास त्याला वाचू द्या : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार,
तसेच संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागातील सर्व अधिकारी,
नवी दिल्ली.

महोदय,

मी मराठा लाइट इन्फंट्रीत 28 वर्षे नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झालो असून सध्या सातारा जिल्ह्यात गावाकडे शेती करतो. हे पत्र लिहिण्याचे निमित्त आमच्याच तालुक्यात घडले. तिथे माजी सैनिकांसाठी बांधलेले एक सभागृह आहे. त्याची डागडुजी करून ते लग्नकार्याला भाड्याने द्यायचे ठरले, तेव्हा मागच्या खोलीतली पुस्तकांची दोन कपाटे अडचणीची वाटू लागली आणि एका दुपारी सगळी पुस्तके रद्दीवाल्याच्या टेम्पोत भरली गेली. मला कळले तेव्हा दोन दिवस उलटले होते. रद्दीवाल्याच्या गोदामात जाऊन, जुन्या वह्या आणि पुठ्ठ्यांच्या ढिगातून हाताला लागली तेवढी 31 पुस्तके मी किलोच्या भावाने सोडवून आणली.

घरी आणून ती ओसरीवर उन्हात पसरली, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. युद्धावरच्या आणि इतिहासावरच्या मराठी पुस्तकांच्या मागच्या पानावर तारखांचे शिक्के मारायची जी चिठ्ठी असते, तिच्यावर जागाच उरलेली नव्हती. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा चिठ्ठ्या खळीने डकवलेल्या होत्या आणि एका पुस्तकाला तर पाच चिठ्ठ्या होत्या. त्याच कपाटांतली लष्करी मोहिमांवरची इंग्रजी पुस्तके मात्र जशी आली तशीच राहिली होती. चिठ्ठ्या कोऱ्या, पाने दमटपणाने एकमेकांना चिकटलेली. जवान वाचत नाही, असे नोकरीत आणि नोकरीनंतर मी पुष्कळदा ऐकले आहे. ज्यांना तसे वाटते त्यांनी माझ्या ओसरीवर येऊन या चिठ्ठ्या पाहाव्यात.

महोदय, माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, जो शिपाई देशाचा इतिहास आपल्या अंगावर घेतो, त्याला तो इतिहास खरा, छापील आणि स्वतःच्या भाषेत वाचायला मिळाला पाहिजे आणि ती व्यवस्था करणे हे आपल्या मंत्रालयाचे काम आहे. आजवर ते झालेले नाही.

माझे या विषयाशी नाते काय, ते आधी सांगतो. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते परत आले नाहीत. घरात एवढेच ठाऊक होते की ते ‘बसऱ्याला’ गेले. आमच्या भागात हा शब्द घरोघरी आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात त्या युद्धात कामी आलेल्या 46 जणांच्या आठवणीचा दगड आहे आणि तसले लहानमोठे दगड महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत वेशीवर, चावडीत, शाळेच्या भिंतीत बसवलेले आढळतात. गावातून किती माणसे लढाईला गेली आणि किती कामी आली, एवढे त्यावर असते. ती कुठे गेली, कोणाशी लढली, कशाने मेली, ते नसते. बसरा म्हणजे आजच्या इराकातले बंदर, त्याच्या वर तैग्रिस नदीकाठी कूत नावाचे गाव आहे, डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तिथे आमच्या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या होत्या आणि धान्य संपल्यावर घोडे मारून खायची पाळी आली होती, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळले. तेही एका अधिकाऱ्याने इंग्रजी पुस्तकातून मला समजावून सांगितले म्हणून. ज्या रेजिमेंटमध्ये मी अर्धे आयुष्य घालवले, तिच्या इतिहासातला एवढा मोठा भाग मला वाचून कळला नाही, कारण मला वाचता येईल अशा भाषेत तो माझ्या हाती कधी आलाच नाही.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. भारतीय शिपायांची मात्र तिथे, अमुक पलटणीचे इतके, अशी नुसती संख्या आहे. त्या स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 साली या भेदभावाबद्दल माफी मागितली. हे वाचले तेव्हा मला पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना ज्या सांकेतिक पत्रातून कळली, ते पत्र आठवले. मोती किती गळाले आणि मोहरा किती हरवल्या हे त्यात मोजून सांगितले होते, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मात्र गणती नव्हती. महोदय, आम्ही त्या खुर्द्यातले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून आमची गणती व्हावी, असे म्हणण्याआधी निदान ती पुस्तके आम्हाला उघडता यावीत, एवढे तरी म्हणायचा आम्हाला हक्क आहे.

पलटणीत प्रत्येक कंपनीला इन्फर्मेशन रूम असते. तिथे वर्तमानपत्रे, नकाशे, शूरवीरांचे फोटो असतात आणि एका कपाटात पुस्तके. काही वर्षे त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. पुढे उंचावरच्या एका पोस्टवर आम्ही चार महिने बर्फात होतो. वर जाताना पाठीवरच्या पिठ्ठूत वजनाचा हिशेब असतो, त्यामुळे बारा जणांत मिळून एकच मराठी पुस्तक गेले होते. शिवकालातल्या लढायांवरचे होते ते. पहिल्या महिन्यातच त्याची शिलाई सुटली, तेव्हा आम्ही त्याचे पाच भाग केले आणि प्रत्येक भाग बुटांच्या लेसने बांधला. ड्यूटीवरून उतरलेला माणूस बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीजवळ, हात शेकायचा आणि आधी विचारायचा, ‘तिसरा भाग कोणाकडे आहे?’ पानांना रॉकेलचा वास लागला होता. त्यात प्रतापगडाच्या पायथ्याचे रान आणि वाटा जिथे वर्णन केल्या होत्या, तिथे आमच्यातला एक लान्स नायक थांबला आणि त्याने आपल्याच पोस्टच्या खालच्या नाल्याकडे बोट दाखवून, शत्रू इथून आला तर आपण कुठे बसू, यावर सगळ्यांना बोलायला लावले. तासभर चर्चा झाली. तो तास कोणत्याही वर्गापेक्षा मोलाचा होता, असे मी आजही म्हणेन. पुस्तक वाचून सैनिक मऊ होतो असे मानणारेही मला भेटले आहेत. त्यांनी तो लान्स नायक पाहिलेला नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार भाषेची आहे. 1947-48 च्या जम्मू-काश्मीरमधल्या लढाईचा अधिकृत इतिहास पुस्तकरूपाने 1987 साली आला, म्हणजे लढाई सुरू झाल्यावर 40 वर्षांनी. 1962 च्या युद्धाचा इतिहास आपल्या इतिहास विभागाने 1992 च्या सुमारास लिहून तयार केला. तो कित्येक वर्षे मोजक्या प्रतींपुरताच राहिला. 1965 आणि 1971 च्या युद्धांचे ग्रंथ सर्वसामान्यांना विकत मिळायला तर 2010 नंतरची साले उजाडली. हे सारे इंग्रजीत. माझ्या 28 वर्षांत मी यांपैकी एकाही ग्रंथाचे मराठी रूप पाहिले नाही, आणि ज्या ज्या पलटणीशी संबंध आला, तिथल्या कपाटात शोधले तरी सापडले नाही. हिंदी आम्हाला येते, हुकूम आणि वर्ग हिंदीतच होतात, हे मला मान्य आहे. परंतु चारशे-पाचशे पानांचा ग्रंथ रात्रीच्या ड्यूटीनंतर वाचायचा असेल, तर माणूस आईच्या भाषेकडेच वळतो.

हे अशक्य आहे असे आपले म्हणणे असू शकत नाही, कारण आपणच ते करून दाखवले आहे. 1909 साली ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालेले आणि 1954 पासून ‘सैनिक समाचार’ या नावाने निघणारे आपल्या मंत्रालयाचे नियतकालिक 13 भाषांमध्ये निघते आणि त्यांत मराठी आहे. पोस्टवर जुना अंक आला तरी तो हातोहात फिरताना मी पाहिला आहे. समारंभांच्या बातम्या जर 13 भाषांत छापता येतात, तर ज्या लढायांनी ते समारंभ मिळवून दिले त्यांचा इतिहास एकाच भाषेत का?

दुसरी तक्रार तोंडी इतिहासाविषयी आहे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, जमालपूरची गोष्ट मराठा पलटणींत ठाऊक नाही असा जवान नसेल. डिसेंबर 1971 मध्ये आपल्या ब्रिगेडियरने जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याविषयी पत्र पाठवले, आणि उत्तरात त्याने पत्रासोबत बंदुकीची गोळी पाठवली. 10 डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निघालेल्या त्या तुकडीची गाठ पहिल्या मराठाशी, म्हणजे आमच्या जंगी पलटणीशी पडली. ही गोष्ट मी रिक्रूट असताना ऐकली आणि पुढे स्वतः शेकडो मुलांना सांगितली. परंतु सांगणारा बदलला की गोष्ट बदलते. कोणी म्हणायचे पत्र म्हाताऱ्याने नेले, कोणी म्हणायचे पोराने नेले. शत्रूची संख्या तर दरवर्षी वाढत गेली. एकदा एका नव्या शिपायाने, बारावी शिकलेल्या मुलाने, सगळ्यांसमोर मला विचारले, “साहेब, हे कुठे लिहिलंय? मला पूर्ण वाचायचंय.” मी कपाटातून एक इंग्रजी पुस्तक काढून त्याच्या हातात दिले. त्याने चार पाने उलटली, नकाशा बराच वेळ पाहिला आणि पुस्तक परत आणून ठेवले. त्या मुलाला देण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते, हे शल्य मला निवृत्तीनंतरही सोडत नाही.

ती पोकळी आता रिकामी राहत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. बॅरॅकमधल्या प्रत्येक खाटेवर आज मोबाइल आहे. त्यावर युद्धांचा आणि महाराजांचा जो इतिहास येऊन आदळतो, त्याला ना आधार असतो ना लेखकाचे नाव. खोट्या आकड्यांची आणि खोट्या पत्रांची एवढी सवय लागते की खरे समोर आले तरी ते फिके वाटू लागते. हातात शस्त्र असलेल्या माणसाच्या मनात चुकीचा इतिहास भरला जाणे ही साधी गोष्ट नाही. याला बंदी हा उपाय नाही. खरे पुस्तक त्याच खाटेच्या उशाला असले पाहिजे.

तिसरी तक्रार परीक्षांविषयी आहे आणि ती थोडक्यात सांगतो. अधिकाऱ्यांच्या बढतीच्या परीक्षेत लष्करी इतिहासाचा स्वतंत्र पेपर असतो. आम्हाला नकाशावाचन असते, शिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, पण इतिहास वाचण्याची अपेक्षाच कोणी करत नाही. सेक्शन, म्हणजे जवानांची छोटी तुकडी, चालवणारा हवालदार लढाईच्या वेळी जे निर्णय घेतो, त्यांना आधीच्या लढायांचा अनुभव उपयोगी पडत नाही, असे ठरवले तरी कोणी?

चौथी तक्रार पराभवाविषयी आहे आणि ती लिहिताना मला जड जाते. 1962 च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली आणि त्यांचा अहवाल 1963 साली तयार झाला. त्या वेळी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे ज्यांच्याविषयी आमच्या बापजाद्यांनी अभिमानाने म्हटले, ते आमचे यशवंतराव. अहवाल छापता येणार नाही असे सांगून त्यांनी 2 सप्टेंबर 1963 रोजी लोकसभेत त्याचा सारांश मांडला. तेव्हा युद्धाला वर्षही झाले नव्हते, म्हणून त्यांचा निर्णय मी समजू शकतो. परंतु त्याला आता सहा दशके उलटून गेली. 2014 साली एका परदेशी पत्रकाराने अहवालाचा काही भाग जगापुढे ठेवला, तरी आपल्या मंत्रालयाकडून तो अधिकृतपणे खुला झालेला नाही. परदेशातला वाचक जे वाचू शकतो, ते नामका चू नदीकाठी सुती कपड्यांत उभ्या राहिलेल्या शिपायाच्या नातवाला त्याच्याच सरकारकडून मिळू नये, हे मला पटत नाही.

पराभव वाचून जवानाचे मनोधैर्य खचते, हा आक्षेप मी मानत नाही. मराठी माणसाला पानिपत शाळेपासून ठाऊक असते. आमच्या बखरकारांनी ते लिहून ठेवले, शाहिरांनी गायले, आणि ‘पानिपत झाले’ हा शब्दप्रयोग आम्ही आजही रोज वापरतो. म्हणून काही मराठी मुलांनी भरतीच्या रांगा सोडल्या नाहीत. गुप्ततेचा आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेतो, कारण मी स्वतः गुप्ततेची शपथ पाळलेला माणूस आहे. त्यावरचे उत्तर सरकारनेच देऊन ठेवले आहे. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिचा अहवाल नाजूक भाग गाळून फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत मांडला गेला आणि पुस्तक म्हणूनही निघाला. युद्ध संपून वर्षही झाले नव्हते. त्याने देशाचे काही बिघडले नाही.

शिवाय जून 2021 मध्ये आपल्या मंत्रालयाने स्वतःच धोरण जाहीर केले आहे. युद्धाच्या नोंदी साधारणपणे 25 वर्षांनी खुल्या कराव्यात, युद्ध संपल्यावर दोन वर्षांत समिती नेमावी आणि त्यापुढील तीन वर्षांत इतिहास लिहून पूर्ण करावा, असे त्यात आहे. मी ते वाचले तेव्हा मनापासून आनंद झाला होता. कारगिलची 25 वर्षे 2024 साली भरली. सुट्टीवर आलेली गावातली मुले मला विचारतात की कारगिलमध्ये नक्की काय झाले ते कुठे वाचायचे, आणि मला अजूनही टीव्हीवरच्या कार्यक्रमांचीच नावे सांगावी लागतात.

दुसऱ्या देशांची उदाहरणे देण्याची मला हौस नाही, पण एक द्यावेसे वाटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 1943 ते 1947 या काळात आपल्या सैनिकांसाठी 1,300 हून अधिक पुस्तकांच्या 12 कोटींहून अधिक प्रती छापून फुकट वाटल्या. ती पुस्तके आडवी आणि पातळ होती, वर्दीच्या खिशात मावावीत म्हणून तशी कापलेली. शिपायाच्या खिशाचे माप घेऊन कोणीतरी पुस्तकाचे माप ठरवले होते. त्याच युद्धात इटलीत आमच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, यशवंत घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या लढाईविषयीची खिशात मावेल अशी पुस्तिका मराठीत काढायला किती खर्च येईल?

आमच्या मागण्या अशा आहेत. 1947-48, 1962, 1965 आणि 1971 च्या युद्धांचे अधिकृत इतिहास मराठीसह ‘सैनिक समाचार’च्या सर्व भाषांत आणावेत. मूळ ग्रंथ मोठे असतील तर जवानांसाठी नकाशांसह संक्षिप्त आवृत्त्या काढाव्यात, आणि मराठीच्या कामात महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची मदत मागावी. लष्करी शब्दांसाठी मात्र एखादा निवृत्त सुभेदार सोबत घ्यावा, नाहीतर पलटणीत कोणी बोलत नाही अशी भाषा त्या पुस्तकांत येईल. 1962 चा चौकशी अहवाल, आजही खरोखर धोक्याचा ठरेल तेवढाच मजकूर गाळून, खुला करावा. 2021 च्या धोरणानुसार कोणत्या युद्धाच्या किती नोंदी खुल्या झाल्या, याचे निवेदन दरवर्षी संसदेपुढे ठेवावे आणि त्यात कारगिलचा स्पष्ट उल्लेख असावा. कंपनीच्या वाचनखोलीसाठी पुस्तके घेताना ज्या भाषेचे जवान त्या भाषेची पुस्तके निम्म्याहून कमी नसावीत आणि निवड करताना एक जेसीओ (सुभेदार दर्जाचा अधिकारी) व दोन जवान यांचे मत घ्यावे. माजी सैनिकांच्या वास्तूंमधली पुस्तके नोंद केल्याशिवाय आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवल्याशिवाय कोणालाही मोडीत काढता येऊ नयेत, यासाठी राज्य सरकारांशी बोलावे.

एक काम मात्र या सर्वांआधी करावे, कारण ते थांबणार नाही. 1971 मध्ये विशीत असलेला शिपाई आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. आमच्या पंचक्रोशीतच त्या युद्धातले चौघे होते, आता दोघे उरले आहेत. एकाला ऐकू येत नाही. दुसऱ्याला सगळे आठवते, नदी कुठे ओलांडली, भाताच्या शेतात चिखल किती होता, रात्री पहिल्यांदा कोणाचा आवाज आला ते सगळे. त्यांच्याकडे आजवर सरकारचा माणूस वही घेऊन आलेला नाही. इतिहास विभागाने जिल्हावार माणसे पाठवून अशा सर्वांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात.

माझ्याकडची 31 पुस्तके मी नोकरीतल्या काळ्या ट्रंकेत ठेवली आहेत आणि दर रविवारी सकाळी ट्रंक ओसरीवर उघडी असते. भरतीची तयारी करणारी मुले येतात, सुट्टीवर आलेले जवान येतात. मी नव्या चिठ्ठ्या डकवल्या आहेत. आपण काढाल त्या पहिल्या मराठी ग्रंथाची एक प्रत मी विकत घेईन, ती कुठे मिळेल तेवढे कळवावे. या पत्राची पोच मिळावी ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार,
मराठा लाइट इन्फंट्री,
जिल्हा सातारा